गाडी आबांच्या नावावर

८ जुलै
म्हापसा. सीए केरकरांकडे दीड तास. एसी इतका की पदर कानावरून घेऊन बसले.

कमिशनवर कापलेला टीडीएस बघून त्यांनी विचारलं, दोन वर्षांत खर्च काहीच दाखवला नाही? म्हटलं, कसला खर्च? श्रवणयंत्रांच्या दुकानात अकरा वर्षं पगारावर होते, तेव्हा महिन्याचा आकडा यायचा आणि विषय संपायचा. मग शेठनी मला काउंटरवरून उठवून घरोघर फिरायला लावलं. पगार बंद, कमिशन सुरू, गाडी माझी, पेट्रोल माझं. याला ते बढती म्हणतात. मला वाटलं होतं, फरक एवढाच की पैसे आता एक तारखेऐवजी कधीही येतात.

केरकर म्हणाले, तुम्ही आता नोकरदार नाही, तुमचा धंदा आहे. कामासाठी गाडी फिरते त्याचं पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग, टायर सगळं कमाईतून वजा करायचं. शिवाय घसारा, म्हणजे गाडी दर वर्षी जुनी होऊन तिची किंमत उतरते ती रक्कम. बाजाराला नाहीतर लग्नाला नेलीत ते मात्र धरायचं नाही. त्यासाठी फेऱ्यांची नोंद हवी.

"लॉगबुक आहे?"

नाही.

"आरसी कुणाच्या नावावर?"

सासऱ्यांच्या.

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, पेट्रोल कसंतरी बसवू. घसारा नाही मिळायचा. कागदावर गाडी तुमची नाही.

परत येताना अस्नोड्याला थांबून चहा घेतला. नको होता, तरी घेतला.

९ जुलै
नवऱ्याला, नितीनला, सगळं सांगितलं. तो खूश. म्हणे मग पेट्रोल फुकटच की! त्याला समजावता समजावता मलाच नीट समजलं. पेट्रोलचे पैसे कुणी परत देत नाही. तेवढ्या पैशांवरचा कर वाचतो, एवढंच. शंभर खर्च केले तर हातात येणार दहा-पंधरा, आणि तेही कर लागण्याइतकी कमाई असेल तर. तो म्हणाला, मग एवढ्यासाठी म्हापशाला कशाला गेलीस, त्यात पण पेट्रोल गेलंच. हा माणूस फॅक्टरीच्या बसने जातो-येतो, याला काय कळणार.

पण माझी कमाई मर्यादेच्या जेमतेम वर आहे. घसारा धरला असता तर खाली आली असती आणि कापलेला सगळा टीडीएस परत मिळाला असता. ते मनातून जाईना.

आरसीचं असं झालं. गाडी घ्यायच्या आधी आबांनी देवीला प्रसाद लावला होता. देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावायच्या आणि कुठली आधी पडते ते बघायचं. आबांच्या नावाची उजवीकडे, नितीनच्या नावाची डावीकडे. उजवी पडली, गाडी आबांच्या नावावर आली. पैसे माझ्या साठवणुकीचे आणि एक पाटली मोडलेली. माझ्या नावाची पाकळी कुणी लावली नाही. मीसुद्धा म्हटलं नाही की लावा म्हणून. तिथेच तर उभी होते, हातात नारळ घेऊन.

११ जुलै
पाऊस. दोन भेटी रद्द.

दिवसभर गेल्या वर्षाच्या फेऱ्या आठवून लिहायचा उद्योग. मोबाइलमधले कॉल, पंपाच्या पावत्या (निम्म्या पुसून कोऱ्या झालेल्या), दुकानाची डिलिव्हरी चलनं. जून महिना होता होता डोकं उठलं. तोरसेला तीनदा गेले की चारदा?

आबा बलकांवात, पुढच्या ओट्यावर, बसून मी काय करतेय ते बघत होते. बराच वेळ. मग उठून आत गेले आणि खाटेखालच्या पेटीतून तीन वह्या आणून माझ्यापुढे ठेवल्या.

"गाडी रस्त्यार येता आणि तिचो हिशेब नाय, तर ती गाडी कसली गो?"

गाडी घरात आली त्या दिवसापासून रोज सकाळ-संध्याकाळ ते रीडिंग लिहीत होते. मला पत्ता नाही! सकाळी गाडी पुसायला जातात तेव्हा दार उघडून आत वाकून काय बघतात, असं मला नेहमी वाटायचं. मी समजत होते, कचरा काढतात.

१२ जुलै
म्हापशाचा शुक्रवारचा बाजार चुकवला. दुपारभर वह्या वाचल्या.

आबांचे खाणीवर खनिज वाहणारे तीन टिपर होते तेव्हाच्याच शिल्लक राहिलेल्या ट्रिपच्या वह्या. छापील रकाने: तारीख, गाडी क्र., मालक, ड्रायव्हर, कुठून, कुठे, माल, कि.मी. आबांनी एकही रकाना रिकामा सोडलेला नाही. 'माल' या रकान्यात माझ्या कामाच्या दिवशी लिहिलंय 'कान'. कान – आमोणे. कान – कोरगाव. बाजाराला गेले तर 'घरगुती'. पार्सेला आईकडे गेले तर 'तिचें घर'. आणि ज्या दिवशी विक्री झाली नाही, त्या दिवशी 'रिकामी'. कधी झाली नाही हे त्यांना कसं कळायचं? माझा चेहरा बघून लिहीत असणार. मार्च महिन्यात सलग सहा वेळा 'रिकामी' आहे. मार्च तसाच गेला होता.

हसू आलं, आणि पान उलटता उलटता ओशाळायलाही झालं. दोन वर्षं मी कुठे गेले, रिकामी आले की भरून, सगळं या माणसाला ठाऊक होतं आणि त्यांनी एका शब्दाने कधी विचारलं नाही.

एकच गोष्ट टोचली. प्रत्येक पानावर, प्रत्येक ओळीत: मालक – त्यांचं नाव. ड्रायव्हर – सुजाता.

१५ जुलै
केरकर वह्या बघून खुर्चीतून उठले. म्हणाले, मोठमोठ्या डॉक्टरांकडे असली नोंद नसते. 'कान' म्हणजे काय ते मात्र सांगावं लागलं. ऑफिसातल्या मुली हसल्या. मीही हसले.

त्यांनी घरगुती आणि 'तिचें घर' वेगळं काढलं. चार फेऱ्यांत साधारण तीन कामाच्या निघाल्या. विक्री झाली नाही त्या फेऱ्याही चालतात म्हणाले, कारण गेले ते कामालाच. बॅटरी बदलायला, यंत्र साफ करायला जाते, ज्याचा एक पैसा मिळत नाही, त्याही. हे ऐकून बरं वाटलं. निदान सरकारच्या लेखी तरी मी फुकट फिरत नाही.

२४ जुलै
रिटर्न भरलं. पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग धरून कमाई मर्यादेच्या अगदी जवळ आली. वर राहिली ती घसाऱ्याएवढीच. कर भरला. जायचे ते गेले.

केरकरांचं पुढच्यासाठी सांगणं: गाडी नावावर करून घ्या. सप्टेंबर संपायच्या आत झाली तर या वर्षीचा घसारा पूर्ण, नंतर झाली तर अर्धा. फॉर्म दोन, सह्या सासऱ्यांच्या. "किरकोळ काम आहे, मॅडम."

किरकोळ.

२ ऑगस्ट
तोरसे. निवृत्त मास्तरांकडे. कोलवाळच्या पुढे पाण्यातून गाडी काढली, ब्रेक ओले झाले, धारगळपर्यंत हळू.

मास्तरांचं यंत्र शिट्टी वाजवतं म्हणून तक्रार होती. बघते तर उजव्या कानाचं डाव्यात. बायको म्हणाली, आठ दिवस झाले, मी म्हणते ते ऐकतच नाहीत. मास्तर म्हणाले, कसं ऐकणार? दोघंही बरोबर. पावसाळ्यात यंत्रं दमट होतात, फेऱ्या वाढतात आणि विक्री शून्य. जाऊन-येऊन सत्तरच्या वर किलोमीटर, मिळाली एक काकडी आणि ओली हळदीची पानं.

घरी आले तर आबांनी विचारलं, जेवलीस? म्हटलं हो. मग ते वही घेऊन गाडीकडे गेले. आता माहीत झाल्यावर ते लिहिताना बघवत नाही. मी मुद्दाम हसत आत आले. काय लिहिलं ते नंतर चोरून बघितलं. 'कान – तोरसे. रिकामी.' हसण्याने फसत नाहीत.

५ ऑगस्ट
नितीन आबांना विचारणार नाही. साफ सांगितलं. म्हणाला, तू विचार, तुझं काम आहे. मी म्हटलं, बाप तुझा आहे. तो म्हणाला, म्हणूनच.

पुढे म्हणाला ते लिहून ठेवते. शेवटचा टिपर विकला त्या दिवशी कर्नाटकातून माणसं न्यायला आली होती. खाण बंद झाल्यापासून तो अंगणात उभा होता, बॉनेटमधून कारांद्याचा वेल वर आलेला. आबांनी सही केली, पैसे मोजून घेतले, त्यांना चहा दिला. मग आत येऊन नि.ला म्हणाले, आता माझ्या नावावर फक्त रेशन कार्ड राहिलं. त्यानंतर दोन वर्षांनी आपली गाडी आली.

हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. लग्नाला एकवीस वर्षं झाली.

१९ ऑगस्ट
आज विचारायचं ठरवून बाहेर गेले. आबा गाडी पुसत होते. दोन कपडे असतात त्यांचे, एक ओला, एक सुका. काचेला वेगळा. मी म्हटलं, आबा, एक विचारायचं होतं. ते म्हणाले, पुढच्या डाव्या टायरचा, ना? झिजलाय, मीच सांगणार होतो, पावसात तसा फिरवू नको.

टायरबद्दल बोललो. संध्याकाळी दोन टायर बदलले. पावती जपून ठेवली, केरकरांसाठी.

मी भित्री आहे असं नाही. पण त्यांच्या हातात तो ओला कपडा होता.

१ सप्टेंबर
चवथ आठवड्यावर. गणपतीवरच्या माटोळीला फळं बांधायची, नारळ, सुपाऱ्या, रानातली कांगलां, सगळं गाडीच्या डिकीतून. आबा पुढच्या सीटवर, मी चालवतेय, ते सांगतायत: हय वळ, हय थांब, दुसऱ्यार घाल. तीस वर्षं टिपर चालवलेला आणि चालवून घेतलेला माणूस, त्याला गप्प बसवत नाही.

ठरवलं, चवथ होऊन जाऊ दे. सणात नको.

नि. म्हणाला, तू हेच म्हणणार हे मला ठाऊक होतं.

८ सप्टेंबर
सावंतवाडीहून आबांचे मावसभाऊ आलेत. अंगणात गाडी बघून विचारलं, कोणाची? मी करंज्यांचं ताट घेऊन तिथेच होते. आबा म्हणाले, "आमची. माज्या नावार असा." आणि खिशातून आरसीचं कार्ड काढून दाखवलं. खिशात ठेवतात! गाडीत मी झेरॉक्स ठेवते.

मला राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण मावसभाऊ कार्ड डोळ्यांपासून लांब धरून वाचत होते आणि आबा ताठ बसले होते, इतके ताठ मी त्यांना बऱ्याच दिवसांत पाहिलं नाही.

१४ सप्टेंबर
विचारलं.

दुपारी जेवणानंतर. ताक पिऊन झालं होतं. सरळ सांगितलं, कर, घसारा, तीस तारीख, सगळं. सोपं करून. गाडी इथेच राहणार, तुम्हीच पुसणार, कुठे जाणार नाही, फक्त कागदावर. बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं की मी फार बोलतेय.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले,

"नाव देवीन दिल्यान गो बाय. मी मागून घेवक नाय. बदलूचा तर तिकाच विचारूक जाय."

बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? रागावले नाहीत. ताटं उचलली तेव्हा त्यांनी आपला पेला स्वतः विसळला. कधी विसळत नाहीत.

१५ सप्टेंबर
आमोणे. दोन भेटी, एक साचा घेतला (कानात मेणासारखं भरून आकार घेतात तो). यंत्र विकलं जाईल बहुतेक. म्हातारी म्हणते, आरतीतल्या झांजा ऐकू आल्या तर घेईन.

घरी आल्यावर बघितलं. आबांनी आज रीडिंग लिहिलेलं नाही. सकाळचं नाही, संध्याकाळचंही नाही.

मीच लिहिलं. मालकाच्या रकान्यात काय लिहायचं कळेना, तो तसाच सोडला.

१८ सप्टेंबर
म्हाळ सुरू, पितृपंधरवडा. आता पंधरा दिवस नवं काही घ्यायचं नाही, करायचं नाही. केरकरांची तीस तारीख नेमकी त्यात. नि. म्हणतो, म्हाळात कोण गाडी नावावर करतं? आबांना नकार द्यायला देवीसुद्धा नको, पंचांगच पुरे.

आबा बोलतात. नेहमीचं. भाजी कुठली, पाऊस किती. वही मात्र तीन दिवस पेटीत.

२१ सप्टेंबर
केरकरांना फोन. अर्धा घसारा मिळाला तर काय फरक पडेल? त्यांनी आकडा सांगितला. पावतीच्या मागे लिहून घेतला. फरक आहे, पण मरण्याइतका नाही. तेवढ्यासाठी एका म्हाताऱ्या माणसाच्या खिशातलं कार्ड काढून घ्यायचं? ऑक्टोबरात, दसऱ्यानंतर, निवांत करता येईल. किंवा करायचंच नाही. पेट्रोल तर मिळतंयच.

असं स्वतःला दिवसभर समजावलं. कोरगावला जाताना, येताना. मग पेडण्याच्या उतारावर गाडी बाजूला घेऊन थांबले, कारण खोटं बोलत होते.

कर हे निमित्त आहे. केरकरांनी 'आरसी कुणाच्या नावावर' विचारलं तेव्हा मला पैशांचं नाही, दुसऱ्याच कशाचं वाईट वाटलं. पाटली माझी मोडली. विम्याचा हप्ता चुकला नाही, टायर चुकला नाही. पावसात या तालुक्यातून त्या तालुक्यात मी फिरते. आणि मी ड्रायव्हर. मला माझं नाव हवं आहे त्या कार्डावर. हे आबांना सांगितलं नाही. त्यांना मी घसारा सांगितला. घसाऱ्याला ते काय उत्तर देणार?

घरी यायला उशीर झाला म्हणून आबा फाटकापाशी उभे होते.

२२ सप्टेंबर
सांगितलं. सकाळी, ते तुळशीपाशी असताना. बसून वगैरे नाही, उभ्या उभ्या. म्हटलं, आबा, त्या दिवशी मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. कर आहेच, पण मला वाटतं की गाडी माझ्या नावावर असावी. मी घेतली म्हणून. तुम्ही देवीला विचारलं तेव्हा माझं नाव लावायला हवं होतं, आणि मी बोलले नाही ही चूक माझी.

आवाज कापत होता. मला वाटत होतं मी शांतपणे बोलतेय.

आबा तांब्या हातात घेऊन उभे. पाणी घालून झालं होतं तरी. म्हणाले, "तुजा नाव लावचा असा कोणाच्या मनातच इला नाय गो." एवढंच. सबब म्हणून नाही. आठवून, बघून सांगितल्यासारखं.

दोघंही आत आलो. पाववाल्याकडून उंडे आले होते, चहात बुडवून खाल्ले.

२५ सप्टेंबर
आबांनी विचारलं, फॉर्म कसले असतात बघू. एजंटकडून आणलेले दाखवले. चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्या, बारीक अक्षरातलं सुद्धा. टिपर विकताना हेच होते म्हणाले. फक्त तेव्हा रंग वेगळा होता.

फॉर्म घडी करून वहीत ठेवले. वही पेटीत.

विचारायचं नाही असं मी ठरवलंय. नि. पण घरात पाय न वाजवता चालतो.

२८ सप्टेंबर
आबा सकाळी आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून देवळात गेले. चालत. म्हटलं गाडीने सोडते, तर नको म्हणाले. गुरवाला आधी निरोप पाठवला होता, म्हणजे प्रसाद लावणार. नि. म्हणाला, म्हाळात? मी म्हटलं, देवीला विचारायला म्हाळ कसला?

साडेदहाला गेले, साडेबाराला आले. चेहऱ्यावर काही नाही. घाम पुसला, जेवले, आडवे झाले. तीस वर्षांत माझा चेहरा वाचायला शिकलेत की काय, त्यांचा मला वाचता येत नाही.

तसे एकवीसच. पण वाटतात तीस.

आमोण्याच्या म्हातारीचा फोन. वापरून बघायला दिलेलं यंत्र घेते म्हणाली. झांजा ऐकू आल्या म्हणे, शेजारच्या वाड्यावरच्या.

२९ सप्टेंबर
सकाळी चहाच्या कपाशेजारी दोन्ही फॉर्म. सह्या झालेल्या. आबांची सही मोठी, शेवटी खाली एक ओढ असलेली, बँकेत सगळे ओळखतात ती. चार ठिकाणी. एकही चुकलेली नाही. फक्त तारीख घातलेली नव्हती.

आबा बाहेर जनेलाशी, खिडकीपलीकडे, उभे होते. मला दिसत होते ते पाठमोरे.

"तारीख तू घाल. तुका बरी दिसतली ती."

मी म्हटलं, देवीने काय सांगितलं? ते म्हणाले, ते माझं आणि तिचं. आणि फिरायला निघून गेले.

दिवसभर मी आनंदात होते. लिहायला लाज कसली? गाडी धुतली, स्वतः. नि.ला म्हटलं, उद्या सोमवार, सकाळी आरटीओचं ऑफिस उघडताच जाते. देवीनेच म्हटलं म्हणजे म्हाळाचंही काही नाही.

संध्याकाळी गुरवाकडे गेले. त्याच्या आईची बॅटरी संपली होती. तिच्या खोलीत बसून बॅटरी घातली, तिला विचारलं ऐकू येतं का, ती म्हणाली येतं, पण तू ओरडू नको. निघताना गुरव पायरीपर्यंत आला. मी हसत म्हटलं, काल माझ्या बाजूची पडली ना पाकळी?

तो म्हणाला, कसली पाकळी?

त्याने सगळी तयारी केली होती. फुलं भिजवली, देवीला पुसून घेतलं. विचारलं, आबा, काय गाऱ्हाणं घालू? आबा हात जोडून बसले होते. म्हणाले, नको, राहू दे, आज नको विचारू. गुरव म्हणाला, एवढं चालत आलात तर विचारून जा. तेव्हा आबा त्याला म्हणाले,

"तिणा नाय म्हटल्यान, तर मगे मी सही कशी करतलंय?"

आणि नारळ ठेवून उठले. तासभर देवळाच्या मागच्या बाजूला, पारावर, एकटेच बसले होते म्हणे.

घरी आले. आबा बलकांवात होते. विचारलं, गुरवाची आई बरी? म्हटलं, बरी. मला माहीत झालंय हे त्यांना सांगितलं नाही. सांगावं की नाही कळत नाही. बैल घ्यायचा असो की गाडी, मुलीचं लग्न असो की विहिरीची जागा, या माणसाने देवीला विचारल्याशिवाय आयुष्यात काही केलेलं नाही.

नि. विचारून गेला, उद्या किती वाजता निघतेस. बघते म्हटलं.

फॉर्म समोर आहेत. पेन चालतं का ते दोनदा दुसऱ्या कागदावर बघितलं. तारखेची जागा अजून कोरी आहे.